खोकला आणि शेंगाचटणी

अप्पांना टीबी झाला, तेव्हा जुन्या हुबळीतल्या आमच्या गल्लीत आईने त्याचा दमा करून टाकला. कारण मी. मला स्थळं बघणं चालू होतं, आणि टीबीच्या घरची मुलगी कोण करून घेतं?

गल्लीकडची खिडकी कायमची बंद झाली. पण खोकला काय भिंतीला जुमानतो होय? मग आईने तोड काढली. अप्पा खोकायला लागले की ती मिक्सर लावायची. शेंगाचटणी! आम्ही इतकी चटणी खाल्ली की अजून तिच्या वासाने माझं डोकं फिरतं. शेजारच्या अक्का विचारायच्या, "इष्टु चटणी यार तिंतार्री?" एवढी चटणी खातं तरी कोण? आई हसून त्यांच्याच हातात एक वाटी ठेवायची.

अप्पांचं सगळं माझ्याकडे होतं. गोळ्या, थुंकीचा डबा, भांडी उकळून ठेवणं. त्यासाठी शाळेतली नोकरी सोडली. एप्रिलच्या उकाड्यात त्या बंद खोलीत जीव नुसता घुसमटायचा. मला अप्पांचा राग यायचा. हो, यायचाच! मग ते बिचारे तोंडावर उशी दाबून खोकायचे आणि मला माझीच लाज वाटायची.

"तुझ्यासाठीच चाललंय गं हे," आई म्हणायची. कपाळ माझं!

स्थळ जमलं. त्याच सुमारास अप्पांना घेऊन मी देशपांडे नगरातल्या डॉक्टरांकडे गेले. एरवी आईच जायची. डॉक्टर म्हणाले, "खिडक्या उघड्या ठेवता ना? तुमच्या आईंना पहिल्याच दिवशी बजावलंय. बंद खोलीत सेवा करणाऱ्यालाच हा रोग धरतो."

घरी येऊन मी आधी खिडकी उघडली. "तुला माहीत होतं?"

"पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे," आई म्हणाली. "तेवढे दिवस कळ काढ." आणि तिने खिडकी पुन्हा लावली. मी लावू दिली. त्याचा राग अजून आहे, तिच्यावर आणि माझ्यावरही.

साखरपुडा आठ दिवसांवर आला असताना स्वयंपाकघरात मला खोकला आला. थांबेचना. आईने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग तिने हात लांब करून मिक्सर सुरू केला.

भांड्यात शेंगा नव्हत्या.