आरवणारी कोंबडी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कर असते. बैलांचा मान आदल्या दिवशी संपला की कोंबड्याचा सुरू होतो, तोही भांड्यात. गेल्या करीला आम्ही घरचा एकुलता एक कोंबडा मोठ्या सन्मानाने खाल्ला. मागे उरली आईची लाडकी काळी कोंबडी, एक बकरी, एक कुत्रा आणि एक मांजर.

तोवर ही कोंबडी अगदी गरीब होती. तिच्या कण्या कुत्रा खायचा, उन्हातली जागा मांजर बळकावायची आणि ही आईच्या पायाशी घुटमळायची. कोंबडा गेला आणि बाईसाहेबांचा नूरच पालटला. आधी कुत्र्याच्या नाकावर चोच बसली. मग मांजरीने निमूट जागा सोडली. महिनाभरात कोंबडी बकरीच्या पाठीवर बसून अंगणाचा कारभार पाहू लागली. आईला त्याचं कोण कौतुक! मी सौंसरच्या कचेरीतून दमून यायचो, तर चहाआधी कोंबडीचे पराक्रम ऐकावे लागायचे.

मग एका सकाळी ती आरवली. चांगली मान ताणून, तीनदा.

गल्लीभर बोभाटा झाला. कोंबडी आरवली म्हणजे घरावर संकट. कोंबड्याने उभ्या जन्मात आरवण्यापलीकडे काडीचं काम केलं नव्हतं, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

शनिवारी पांढुर्ण्याचे काका जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन, ताज्या पुण्यासह आमच्याकडे उतरले. "वयनी, हे चांगलं नाई. कापून टाका," म्हणाले. शनिवार मारुतीचा, म्हणून रविवारपर्यंत मुक्काम ठोकला. कोंबडी अशुभ असली तरी तिचा रस्सा शुभ असतो, हे त्यांनी कुठल्या पंचांगात वाचलं कोण जाणे. आई त्या संध्याकाळी जेवली नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी तिला दोनदा ऐकवलं. काकांना एकदाही नाही.

रविवारी सकाळी आई कोंबडीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. काका चहा पीत होते.

"द्या इकडं, वयनी. बाईजात आरवली का घर बसते."

आईने मान वर केली. "तुमचे भाऊ गेले त्याले बारा वर्स झाले, भाऊजी. बाग म्या राखली, संत्रा म्या इकला, व्यापाऱ्याशी मी भांडली. इतके दिस या घरात मीच आरवून राहिली. मंग मले कवा कापता?"

आईने कोंबडी अंगणात सोडली आणि माझ्यापुढे हात केला. सुरी माझ्या हातात होती. काकांनी सांगितलं म्हणून सकाळीच मी तिला धार लावून आणली होती. आईने ती घेतली आणि आत जाऊन कांदे चिरायला बसली. मला तिने एका शब्दानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.