हिरवी झूल, हिरवी साडी

खळ दिलेल्या फेट्याचा वास आला की वहिनी आठवते. एका वर्षी दिवाळीनंतर सणसर गावी बैलगाडा शर्यत होती. आमच्या बैलाला वर्षभर खुराक तिनंच दिला, त्याची हिरवी झूल तिनंच शिवली आणि तसल्याच रंगाची साडी स्वतःला घेतली. त्या सकाळी ती नटून टेम्पोपाशी आली आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "मामा, मी बी येते." वडील म्हणाले, "तितं बाईमाणसाचं काय काम हाय? बैल नटलाय, तेवढं बास." सगळे हसले. टेम्पोत बसून फेटा सावरत मीही हसलो. ती आत गेली आणि जुनी साडी नेसून शेण काढायला आली. टेम्पो निघाला, मी उतरलो नाही. आता मी बाईच्या हक्काची पत्रकं गावोगाव वाटतो. झूल अजून वहिनीच शिवते. तिच्या हातात पत्रक द्यायला मात्र माझा हात पुढे होत नाही.