मुक्ताबाईचं कडवं

अकरावीसाठी मी लातूरला निघाले त्या सकाळी उमरीच्या स्टेशनवर अर्धी गल्ली आली होती. आई माझ्या ट्रंकेवरच बसून होती. ती उठली नाही तर मला जाता येणार नाही, असं तिला वाटत असावं. बाबा मात्र फलाटावर पत्रकं वाटत फिरत होते. लेकीला निरोप द्यायला आलेला माणूस हे काय करतोय म्हणून आत्या चिडली. बाबा म्हणाले, "लोकं जमलेच हायत, तर वाया कशाला घालवायचे?" तुम्ही सगळे हसला होतात. तिथंच राहिलेल्या तुमच्यासाठी हे लिहितेय, आणि माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्यासाठीही.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. 'कमळ' वाचता यायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. बाबा पोस्टात नोकरीला होते आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत हार्मोनियम वाजवत. त्या पार्टीची रीत अशी, की गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं आणि ते कडवं काही झालं तरी गाळायचं नाही. एकदा पाहुण्यांची घाई म्हणून एका गायकानं ते कडवं सोडून गाणं आटोपलं. बाबांनी हार्मोनियम थांबवलीच नाही. तेच सूर वाजवत राहिले. शेवटी गायक कान धरून माईकपुढं परत आला, लोकांनी टाळ्या पिटल्या. घरी येताना बाबा मला म्हणाले, "ज्याचं नाव गाळलं, त्याचं गाणं चोरलं."

लातूर तेव्हा क्लासेसचं गाव होऊन बसलं होतं. चौकाचौकात गुणवंत पोरांचे फोटो. एकाच पोरीचा चेहरा तीन क्लासच्या फलकांवर, आणि तिन्ही म्हणतात, हिला आम्हीच घडवलं. तिला शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं नाव कुठंच नाही. मला राहवलं नाही. 'पोरांचे चेहरे लावता, मास्तरांची नावं कुठं आहेत?' असं पत्रक मी लिहून वाटलं. क्लासनं मला बाहेर काढलं. मला डॉक्टर करायचं आईचं स्वप्न तिथंच संपलं आणि माझं गाणं सुरू झालं, कारण ते पत्रक वाटायला मदत करणारे दोघं वाजवणारे निघाले. आरिफ औशाचा, घड्याळवाल्याचा मुलगा, गिटार वाजवायचा. बालाजी किल्लारीचा. भूकंप झाला तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. त्याचं बालपण पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. तो ड्रम वाजवायला लागला तो त्या पत्र्यामुळेच, असं आरिफ त्याला चिडवायचा. त्या शेडचं नाव आम्ही बँडला दिलं: शेड नंबर अकरा.

आमचं पहिलं गाणं बालाजीच्या आईचं होतं. मुक्ताबाईंचं. शेडवर गारा पडल्या की पत्रा असा वाजे की लेकरं दचकून उठत. जमीन पुन्हा हलली असंच वाटे. तेव्हा त्या म्हणत, 'पत्र्याच्या आभाळा, वाजू नको रं, लेकरू निजलं हाय.' चालही त्यांची. आम्ही फक्त गिटार आणि ड्रम लावले, दोन कडवी वाढवली आणि बाबांच्या रीतीनं शेवटी नाव गुंफलं: 'अकरा नंबरच्या शेडमधी मुक्ता म्हणते.'

तिघं पुण्याला आलो. कॉलेजांचे फेस्टिव्हल, लग्नाची रिसेप्शन, हळूहळू तिकिटांचे शो. मग मुंबईच्या एका म्युझिक कंपनीनं मला एकटीला गायला बोलावलं. आरिफनं स्वतः सांगितलं, जा म्हणून. शनिवार-रविवार बँड आणि बाकीचे दिवस माझे, असं ठरलं. वर्षभर दोन्ही सांभाळलं. खोटं कशाला बोलू, एकटीनं गायला मला आवडत होतं. कुणासाठी थांबायचं नाही, कुणाला विचारायचं नाही.

कंपनीला मुक्ताबाईंचंच गाणं हवं होतं. बँडनं हो म्हटलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी संगीत संयोजक म्हणाला, साडेचार मिनिटं कुणी ऐकत नाही, शेवटचं कडवं काढू. तसंही ही मुक्ता कोण ते कुणाला कळणार? मी घड्याळाकडं पाहिलं. पुढच्या गायकाची वेळ झाली होती. मी म्हटलं, ठीक आहे.

एवढंच झालं. कुणी धमकावलं नाही, कुणी फसवलं नाही. पत्रकांवर वाढलेल्या मुलीनं 'ठीक आहे' म्हटलं.

गाणं चाललं. पोस्टरवर माझा एकटीचा चेहरा, लातूरच्या त्या फलकांसारखाच मोठा. बाबांचा फोन आला. आई मागून म्हणत होती, कौतुक तर करा आधी. बाबा एवढंच म्हणाले, "मी पुढचं कडवं येईल म्हणून थांबून राहिलो होतो गं." सरावाला बालाजी नुसता ड्रम आवळत बसला. आरिफ बोलला: "शो लागलेत तेवढे करू. पुढचं बघू."

मी किल्लारीला गेले. गावाबाहेर जीपवाल्याच्या मोबाईलवर माझंच गाणं वाजत होतं. मुक्ताबाई भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातल्या घराच्या दारात हरभरा निवडत बसल्या होत्या. मी माफी मागायची वाक्यं पाठ करून गेले होते. त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं, खडे काढायला लावले.

"लई गोड गायलीस," त्या म्हणाल्या. "शेजारीण म्हणली, तुझ्या नावाचं गाणं आलंय. समद्याजणी येऊन बसल्या. गाणं सरलं. मंग म्हणाया लागल्या, मुक्ते, तू कुठं हायस गं यात?"

मी सुपातले खडे शोधत राहिले.

"पडलेल्या घराच्या यादीत सासऱ्याचं नाव व्हतं. या घरावर आमच्या मालकाचं हाय. माझं नाव म्या तुमच्याच गाण्यात ऐकलं, पोरी."

त्यांचा आवाज चढलाही नाही. मी रडायला लागले तेव्हा म्हणाल्या, "हरभरा भिजाया लागला ना. रडू नको, काय करतीस ते सांग."

काय करणार ते कंपनीला सांगितलं. पूर्ण गाणं पुन्हा काढा, नाहीतर पुढचं गाणं मी गाणार नाही. त्यांनी हसत समजावलं, मग रागावून समजावलं, मग फोन बंद केले. दुसरं गाणं आता दुसरी मुलगी गातेय. चांगली गाते. आम्ही तिघांनी पूर्ण गाणं स्वतः रेकॉर्ड करून टाकलं. ते फार कमी लोकांनी ऐकलं, छोटं अजून सगळीकडं वाजतं. हे आता मला दुरुस्त करता येत नाही.

एकटीचे कार्यक्रम मी आजही करते. त्याची मला लाज वाटत नाही. पुढं जाणाऱ्यांना माझं इतकंच म्हणणं आहे, की एकटं जाणं गुन्हा नाही. तिथं पोचून 'ही मुक्ता कोण' या प्रश्नावर गप्प बसणं, हा आहे. पुण्याच्या हॉलमध्ये हा प्रश्न मी स्वतःच विचारते आणि उत्तर देऊन मग शेवटचं कडवं गाते.

लोक विचारतात, घर कुठलं? उमरीत आई-बाबा आहेत, पुण्यात भाड्याचा फ्लॅट आहे. पण हा प्रश्न आला की मला ती माणसं आठवतात, ज्यांना माझं काय गळालं ते लगेच ऐकू येतं. आरिफ अजून मोकळा बोलत नाही. पुढच्या महिन्यात किल्लारीत आमचा कार्यक्रम आहे. काल त्याचा मेसेज आला: 'सराव रविवारी, दहाला. उशीर करू नको.'

मी साडेनऊलाच जाऊन बसणार आहे.