महेमूदभाईंची पगारी बुरशी

राजूर रस्त्यावरच्या डेअरीत महेमूदभाईंनी उमेदीची सगळी वर्षं एकाच दुश्मनाशी लढण्यात घालवली. तो दुश्मन म्हणजे बुरशी. कुठं पांढरा ठिपका दिसला की भाई ब्रश घेऊन हजर. त्यांनी घासलेल्या कॅनमध्ये बघून टेम्पोवाले भांग पाडत. अशा माणसाला बुरशी पाळायला सांगणं म्हणजे मांजराला उंदरांचं पाळणाघर चालवायला देणं. डेअरी सांभाळणाऱ्या संध्या मॅडमनी नेमकं तेच केलं.

त्याला कारण सांडपाणी. पनीरचं आंबट पाणी नाल्यातून शेजारच्या तातेरावांच्या रानात जाई. "वास थांबवा, न्हाईतर मुरूम टाकून नाला बुजवतो," असं तातेराव डेअरीच्या दारात येऊन बजावून गेले होते. नाला बंद म्हणजे डेअरी बंद, आणि भाई घरी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मॅडमनी सांडपाण्याच्या टाकीत काथ्याचे दोर सोडून त्यांवर पांढरी बुरशी धरली. ती पाण्यातलं दूध-तूप खाऊन टाकायची. वास उतरला.

"घरी लोणच्यावर आली की बरणी फेकता, अन् इथं तिला पोसून राह्यले?" घरी भाईंच्या बायकोनं, अकबरबींनी विचारलं.

"ती पगारी हाये," भाई म्हणाले.

मग तातेराव टाकी बघायला येणार असं कळलं. पाहुणे येणार आणि टाकीत असला अवतार? भाईंच्याने राहवेना. आदल्या संध्याकाळी त्यांनी दोर, भिंती, सगळं धुण्याच्या सोड्यानं लख्ख घासलं. विरजण मात्र डेअरीचा माणूस कधी संपवत नाही. त्यांनी बादलीभर बुरशी बाजूला काढली होती, ती नव्या पाण्यात सोडली. दही रातभरात लागतं, मग ही का लागणार नाही?

सकाळी टाकी चकाकत होती आणि वास फाटकापर्यंत आला होता. मॅडम तातेरावांना घेऊन टाकीशी आल्या.

तातेरावांनी नाकाला उपरणं लावलं. "हे काय हो मॅडम?"

"मॅडमचा कसूर न्हाई," भाई पुढं झाले. "म्या घासली. तुमी येणार म्हनून. बादलीभर बुरशी ठिवली व्हती, ती परत लावलीये."

तातेरावांनी टाकीत वाकून बघितलं. "म्हंजे घाण होती तवा वास नव्हता, अन् धुतली तं सुटला?"

"बराबर."

"मंग वास तीच खात होती की!"

मॅडमना महिनाभर समजावून जे पटवता आलं नव्हतं, ते भाईंनी एका सोड्यात पटवलं.

"बादलीतली लावलीये ना? मंग येऊ द्या तिला. तवर थांबतो," तातेराव म्हणाले. "पर तो ब्रश हिकडं द्या."

बुरशी सावकाश आली, दाट आली. नाला वाहतो आहे. भोकरदनकडून दुसऱ्या डेअरीचे लोक टाकी बघायला येतात, तेव्हा भाई धुतलेला सदरा घालून कठड्याशी उभे राहतात.

"हात न्हाई लावायचा," ते दटावतात. "आमची हाये."

ब्रश अजून तातेरावांच्या गोठ्यात आहे. भाईंनी तो परत मागितलेला नाही.