पेटीवाल्यांचा कूलर

कारखाना म्हटला की भंगार साठतं, तसे किस्सेही साठतात. भंगार निदान वजनावर जातं. किस्से कोणी विकत घेत नाही, म्हणून ते असे चहासोबत फुकट वाटत बसायचं.

हे आमच्या लकडगंजच्या शेडमधले आहेत. शेड भाऊंची, म्हणजे वसंतरावांची. लग्नात मुलीबरोबर जाणाऱ्या, झाकणावर गुलाब रंगवलेल्या पत्र्याच्या पेट्या आम्ही बनवायचो. मी पत्रा कापायचो, हेमराज रिवेट ठोकायचा आणि नत्थूकाका रंगवायचे. मग बाजारात सूटकेस आली आणि पेटी कोणी विचारीना. सत्तरच्या दशकातली गोष्ट. भाऊंनी कूलर बनवायचं मनावर घेतलं.

अडचण एकच होती, दादाजी. भाऊंचे मोठे भाऊ, निवृत्त हेडमास्तर. अर्धी शेड त्यांच्या नावावर. त्यांनी सांगून टाकलं, "मृग लागेपर्यंत तुझं हे खूळ चाललं तं ठीक. नाही तं शेड बाजूच्या आरा मशीनवाल्या सेठले देऊन टाकू." भाऊंचं सारं आयुष्य त्या शेडमध्ये गेलेलं. तो उन्हाळाभर आम्ही हसलो भरपूर, पण एक डोळा कॅलेंडरवर ठेवूनच.

*

आमच्या पेटीत मुंगी शिरत नाही, हा आमचा अभिमान. त्याच अभिमानानं पहिला कूलर बनवला. चारी बाजू बंद, कोपरे झाळलेले. पाणी भरलं, समोर पंखा बसवला आणि दादाजींना मुद्दाम बोलावलं.

पंखा गरगर फिरतोय, गारवा मात्र नावाला नाही. दादाजींनी कूलरभोवती एक चक्कर मारली.

"वसंता, हवा बाहेर यायची असन तं आधी आत जावी लागते. पाचवीत शिकवलं होतं तुले."

भाऊंचा चेहरा पडला. तरी दादाजी निघताना ते म्हणालेच, "पण दादा, जोड तं पाहा. मुंगी शिरत नाही!"

*

तीन बाजू कापून जाळी बसवली. पुढचा प्रश्न, जाळीत भरायचं काय? वाळा महाग. भाऊ दोन दिवस डोकं धरून बसले होते. तिसऱ्या दुपारी पाहतो तर सेठच्या आरा मशीनच्या, म्हणजे लाकूड कापायच्या कारखान्याच्या मागे, रंध्यातून निघालेल्या कुरळ्या ढलप्यांचा ढीग, त्यावर कोणीतरी हात धुतलेले, आणि गल्लीतली सगळी कुत्री तिथं पाय पसरून झोपलेली. बाजूला सावली होती, तिथं एकही नाही.

भाऊंनी वाकून ढलप्यांत हात घातला; ओल्या होत्या, गारेगार. मग म्हणाले, "हेमराज, पोतं आण."

सेठ खूश. ज्याला शेड पाहिजे होती तोच म्हणाला, "घेऊन जा नं, माझा कचरा गेला." कुत्र्यांनी मात्र आमच्याशी बोलणं सोडलं.

ढलप्या सागवानी होत्या, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. विकलेला पहिला कूलर महाल वस्तीतल्या एका काकूंकडे गेला. संध्याकाळी काकू दारात हजर. "काहून गा भाऊ, तुमच्या कूलरातून चहा टपकून राहिला!"

तेव्हापासून ढलप्या आधी उकळून, रंग जाईस्तोवर धुऊन मग भरायला लागलो. काकूंच्या डाग पडलेल्या पडद्याऐवजी भाऊंनी नवा आणून दिला.

*

नत्थूकाकांना कोरा पत्रा बघवत नसे. भाऊ सांगून थकले, की काका, कूलर आहे, नुसता हिरवा रंग मारा. काका म्हणत, "नागडा माल नाही देत मी गिऱ्हाइकाले." प्रत्येक कूलरवर दोन गुलाब, मधे मोर. एकावर तर सवयीनं मोराखाली 'शुभविवाह' लिहून मोकळे. तो कूलर नेमका धरमपेठेतल्या एका बँकेच्या बाबूकडे गेला. बाबू पस्तिशीचा, बिनलग्नाचा.

आठवड्याने तो आला. आम्ही मान खाली घालून उभे.

"एवढं खोडून द्या जी," तो म्हणाला. "आई रोज तिकडं बोट दाखवते. म्हणते, पत्र्याले समजते, तुले समजत नाही."

काका ब्रश घेऊन गेले. पण आईने दारातूनच परत पाठवलं.

*

एकदा एक वार्ताहर आला. भर दुपार. शेडचा पत्रा असा तापलेला, की आम्ही कोणी धड बोलतही नव्हतो. त्यानं वही काढली. "नवनिर्मितीची प्रेरणा आपल्याला कुठून मिळाली?"

भाऊंनी दुपट्ट्याने मान पुसली. "प्रेरणा कायची जी. मे महिना."

*

कूलर जात होते, पण शेड वाचेल इतके जात होते की नाही, हे दादाजींनाच ठाऊक. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला आणि ते सेठला घेऊन मोजमापाला आले. टेप धरायला मलाच लावलं. सेठ भिंती मोजत होता. दादाजी "दोन मिनिटं टेकतो" म्हणून स्टुलावर बसले. समोर एक कूलर चालवून पाहायला लावलेला होता.

मोजणी झाली. "चला मास्तर," सेठ म्हणाला.

"तुम्ही व्हा समोर. ऊन उतरलं की येतो."

ते दिवेलागणीला उठले. दुसऱ्या दिवशी परत आले, मोजमाप बरोबर झालं का ते बघायला म्हणे. त्यानंतर रोजच यायला लागले, एकदा तर रिक्षात घालून स्वतःची आरामखुर्चीच घेऊन आले. आम्ही पत्रासुद्धा हळू ठोकायचो. भाऊ माझ्या कानाशी येऊन विचारत, "झोपले का बे दादा?"

"नाही जी. पेपर वाचून राहिले."

"मग टाकीत पाणी टाक."

शेडचं काय ठरलं, हे विचारायची हिंमत भाऊंना होत नव्हती, आणि मला तर भाऊंकडे बघवत नव्हतं.

मृगाच्या दिवशी सेठ कागदपत्रं घेऊन आला. बाहेर अजून झळा सुरूच होत्या, म्हणून आत आल्याबरोबर त्यानं दार लावून घेतलं.

"दार उघडा सेठ," दादाजी पेपरमागून म्हणाले. "बंद खोलीत कूलर काम नाही करत."

सेठनं दार उघडलं आणि कागद पुढे केले. "मास्तर, मृग लागला. शेडचं काय मग?"

हेमराजचा हातोडा वरच राहिला. भाऊंनी टाकीत आणखी एक बादली ओतली.

दादाजींनी कागद न घेता पेपरचं पान उलटलं.

"जातानाही उघडंच ठेवजा."