कुंकू लावलेली सीडी

गेवराईच्या ज्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी नोकरीला होतो, त्याच्या मालकाला सीडीची वाचायची बाजू कोणती हेही धड माहीत नव्हतं. विंडोजच्या मूळ सीडीतच नवे अपडेट, साउंडचे न् नेटवर्कचे ड्रायव्हर, मराठी फॉन्ट असं सगळं मिसळून एक सीडी मी तीन दिवस खपून बनवली. ती घातली की कॉम्प्युटर आपोआप तयार व्हायचा. हा बहाद्दर मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचा, "आपली सीडी हाय. म्या सोता बनवली."

खंडेनवमीला त्यानं पक्कड, स्क्रू ड्रायव्हरबरोबर तीही पाटावर मांडली, चमकती बाजू वर करून, आणि ओल्या बोटानं हळदीकुंकू लावलं. मी म्हणालो, "मालक, त्या बाजूला लावू नका." तर म्हणे, "देवाला काय मागली बाजू दाखवू का?" दुसऱ्या दिवशी वाळलेलं कुंकू त्यानं नखानं खरवडून काढलं.

पुढच्याच आठवड्यात पाटोद्याच्या एका शाळेत सीडी चालेचना. मुख्याध्यापकांसमोर तो माझ्यावर खेकसला, "का रं, असली कसली सीडी बनवलीस?"

तेव्हा कुठं ती सीडी माझी झाली.