गिल आरुडाची पेनल्टी

गिल आरुडाने ती पेनल्टी मुद्दाम चुकवली, असं आमच्या पोर्तुगीज वस्तीत, कोलंबिया स्ट्रीटवर कुणीही सांगेल. बेकरीतली लुर्देसमावशी गोड पाव कागदात गुंडाळता गुंडाळता आवाज खाली आणते, म्हणजे फक्त रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतकाच, आणि म्हणते, "आईसाठी केलं गं पोराने. मुकुटासाठी केलं. अख्खी अमेरिका टीव्हीवर बघत होती, आणि ह्याने चेंडू खांबावर नेऊन आपटला. पाणी येतं बाई डोळ्यांत." पाणी काही येत नाही, एप्रन तेवढा डोळ्यांपर्यंत जातो. होरासिओ न्हावी वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर ठेवूनच बोलतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायला कुणी धजत नाही. "बाप्तिस्म्याच्या वेळी ह्या हातांत होता तो. त्याचा उजवा पाय मी ओळखतो. तो पाय चुकत नाही. चुकवला. कळलं? मान हलवू नका."

सगळं खोटं. गिल ती पेनल्टी घालायलाच गेला होता. त्या क्षणी जगात दुसरं काहीही त्याला नको होतं, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

गिल नऊ वर्षांचा असताना तीन मजली लाकडी घराच्या मागच्या जिन्यावरून पडला आणि उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण लंगडत. त्याची आई देओलिंडाबाई तेव्हा पडद्यांच्या कारखान्यात शिलाईला होत्या. त्यांनी मशीन थांबवलं नाही. सुई खालीवर होत असतानाच त्या पवित्र आत्म्याला नवस बोलल्या: पोराचा पाय सरळ होऊ दे, तुझा मुकुट आमच्या घरी येईल तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चर्चपर्यंत नेईल.

पाय सरळ झाला. इतका सरळ झाला की घरी टिकेना.

आता पवित्र आत्म्याचा हा चांदीचा मुकुट काही मागितला म्हणून घरी येत नाही. ईस्टरनंतरचे सात आठवडे तो सात घरी राहतो. रोज संध्याकाळी शेजारीपाजारी जमून जपमाळ म्हणतात आणि रविवारी त्या घरचा माणूस तो वाजतगाजत चर्चला नेतो. कुठली सात घरं, ते आदल्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या काढून ठरतं. देओलिंडाबाई दर वर्षी एक चिठ्ठी टाकायच्या आणि तिच्यावर स्वतःचं नाही, गिलचं नाव लिहायच्या. "नवस त्याच्या पायाचा आहे," म्हणायच्या. "माझ्या गुडघ्यांना कोण विचारतंय?"

इकडे गिल चौदाव्या वर्षी आमच्या क्लबात मिशीवाल्या बाप्यांबरोबर सेंटर फॉरवर्ड खेळू लागला. कॉलेजात खेळला. एकविसाव्या वर्षी, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरच्या लीगमधल्या एका संघाने त्याला निवडलं, तेही अगदी शेवटच्या फेरीत, जेव्हा टीव्हीवाले वायरी गुंडाळून घरी निघालेले असतात. वरच्या लीगमधली त्याची सगळी कारकीर्द अकरा मिनिटांची. त्या अकरा मिनिटांत चेंडू एकदाच त्याच्यासमोर मोकळा आला. तसाच हाणायचा, तर ह्याने तो आधी थांबवला. थांबवेपर्यंत कुणाचा तरी पाय मध्ये आला. पुढच्या मोसमात तो खालच्या लीगमध्ये होता.

मग सहा शहरं झाली. इथे अमेरिकेत संघ खेळाडूंची अदलाबदल करतात, खेळाडूला न विचारता दुसऱ्या गावी पाठवून देतात. सकाळी न्याहारीला बसलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या रंगाची जर्सी घालून उभा. गिल सांगायचा, "मला कुणाच्या बदल्यात दिलं माहितेय? पुढे कधीतरी निवडायच्या, ज्याला अजून कुणी निवडलंच नाही अशा एका पोराच्या. तेव्हा अकरावीत असेल तो. गणितात नापास होत असेल." सगळे हसायचे. तोही हसायचा, पण थोडा उशिरा.

खालच्या लीगच्या पगारात भाड्याचं घर परवडत नाही, म्हणून खेळाडू त्या त्या गावातल्या कुटुंबांकडे राहतात. गिल तेरा वर्षं परक्या मुलांच्या पलंगांवर झोपला, ती मुलं कॉलेजला गेलेली. पाय बाहेर, भिंतीवर दुसऱ्याची बक्षिसं. माणसं चांगली होती. वाढदिवसाला केक आणायची, त्यावर नाव बरोबर लिहायची. पण कॅन्ससमध्ये सरावाला वारा सुटला की तो नाक वर करून समुद्राचा वास शोधायचा, आणि वास यायचा कापलेल्या गवताचा. हिवाळ्यात घरी आला की उलटंच. टेबलावर चोरीस नावाची मसालेदार सॉसेजं, चुलीवर कोबीचं सूप, आई समोर, आणि हा खिडकीतून बर्फाकडे बघत बसलेला. गवत कधी दिसेल म्हणून.

फोन दर रविवारी. देओलिंडाबाईंनी कधी गोल विचारले नाहीत.

"पाय?"

"बरा आहे."

"खाल्लंस?"

"हो."

"काय?"

"चिकन."

"चिकन म्हणे."

त्याचं नाव चिठ्ठीत दोनदा निघालं. पहिल्यांदा तो तेवीसचा होता; कोचने सोडलं नाही. दुसऱ्यांदा एकोणतिसाव्या वर्षी, तर त्याच आठवड्यात त्याची पाठवणी झाली. दोन्ही वेळा मुकुट शेजारच्या घरी गेला आणि देओलिंडाबाईंनी तिथे जाऊन जपमाळ म्हटली, सगळ्यांत मागच्या खुर्चीवर बसून. तिसऱ्यांदा निघालं ते सातव्या, सगळ्यांत मानाच्या रविवारचं. गिल आता चौतीस वर्षांचा होता. त्याने जानेवारीतच कोचला सांगून ठेवलं. कोच म्हणाला, "त्या रविवारी सामनाच नाही. जा, खुशाल मुकुट घाल."

पण कपची स्पर्धा होती ना. त्यात लहान-मोठे सगळे संघ असतात आणि हरला तो बाहेर. गिलच्या संघाला पहिल्याच फेरीत हरायची सवय. ह्या वर्षी हे लोक जिंकत सुटले. गिलनेच चार गोल घातले. शेवटी समोर आला वरच्या लीगमधला संघ, सामना टीव्हीवर. जिंकले तर पुढची फेरी बरोबर त्याच रविवारी.

सामन्याच्या दुपारी त्याने हॉटेलातून फोन केला.

"आई, आज जिंकलो तर पुढचा सामना रविवारी आहे. मुकुटाच्या."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"मग?"

"मग मी येणार नाही."

"चौतीस वर्षांचा झालास, गिल."

"म्हणूनच. हे परत नाही मिळणार मला."

नळ पुन्हा चालू झाला, पुन्हा बंद. मग, "पाय?"

"बरा आहे."

"मग नीट मार," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बरोबरी झाली, पेनल्ट्यांवर गेलं. समोरच्यांच्या पाचही आत. ह्यांच्या चार. पाचवी गिलची, घातली तर अजून जीव, चुकली तर संपलं. तो धावला. कीपर डावीकडे झेपावला, उजवी बाजू सगळी मोकळी. चेंडू उजव्या खांबाच्या आतल्या कडेवर लागला आणि बाहेर आला.

शुक्रवारी तो गावात उतरला तर लोक त्याला मिठ्या मारायला लागले. होरासिओने दाढी फुकट केली. लुर्देसमावशीने पावाच्या टोपलीवरून वाकून कपाळाचा मुका घेतला. गिल घरी आला तो थेट स्वयंपाकघरात.

"आई, तू लोकांना काय सांगितलंस?"

"काही नाही. लुर्देसने विचारलं, चुकली कशी? मी म्हटलं, पवित्र आत्म्यालाच माहीत."

"आणि?"

"आणि हसले थोडी."

"मी फोनवर तुला काय सांगितलं होतं?"

"मला हल्ली कमी ऐकू येतं."

"आई, लोक मला संत समजतायत!"

"समजू देत की आठवडाभर. तुझ्यापुढे कुणी मेणबत्ती लावलीय का अजून?"

सहाव्या रविवारी मुकुट आला. पुढच्या खोलीत फुलांनी सजवलेल्या वेदीच्या पायऱ्यांवर बसला. रोज संध्याकाळी खोली भरायची आणि बायका जपमाळेच्या मध्येच गिलकडे कौतुकाने बघायच्या. गिलचे ओठ हलत असायचे आणि खुर्चीखाली उजवा पाय: दोन पावलं, थांबा, टोला. दोन पावलं, थांबा, टोला. ज्या घरासाठी तेरा वर्षं झुरला त्या घरात बसला होता, आणि मन त्या खांबापाशी.

सातव्या रविवारी बँडच्या मागे त्याने मुकुट उचलला. आठ चौकांचं अंतर. देओलिंडाबाई काठी टेकत बाजूने चालत होत्या. सगळा रस्ता चांदीकडे बघत होता. त्या एकट्या त्याच्या उजव्या पायाकडे बघत होत्या, चर्चच्या पायऱ्या संपेपर्यंत. तिथे त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि डोळे पुसले. ह्यांच्या डोळ्यांत मात्र खरंच पाणी होतं.

नंतर हॉलमध्ये सगळ्यांना सणाचं सूप. मी, गिलची लहानपणापासूनची मैत्रीण, वाढायला होते. पातेल्यांपाशी उभं राहून मी संत गिलची नक्कल करून दाखवली, डोळे वर, हात छातीवर, पाय खांबाकडे. एरवी माझ्या नकलांना गिल सगळ्यांत आधी हसतो. ह्या वेळी हसला नाही.

"मी सांगणार आहे सगळ्यांना," तो म्हणाला.

"तू? ह्या लोकांना? आईसमोर? पैज."

"कसली?"

"हरेल त्याने चारी पातेली घासायची."

त्याने हातातली थाळी ठेवली आणि बाकावर चढला. "ऐका," म्हणाला. "मी ती मुद्दाम चुकवली नाही. घालायला गेलो होतो. जिंकलो असतो तर आज इथे नसतो. आईला तसं फोन करून सांगितलं होतं मी."

चमचे थांबले. मग लुर्देसमावशीचा आवाज आला, "बघा! किती नम्र पोरगा!" आणि टाळ्यांनी हॉल दणाणला.

देओलिंडाबाई उठल्या. "खरं बोलतोय तो," त्या ओरडल्या. "मीच म्हटलं होतं, नीट मार!" त्यावर तर लोक टेबलं बडवायला लागले. होरासिओ म्हणाला, आई असावी तर अशी.

कुणीही विश्वास ठेवला नाही, पण तसं पैजेत नव्हतं. त्याने सांगितलं, मी हरले. तिसरं पातेलं घासत होते तेव्हा गिल आला आणि उलट्या क्रेटवर बसला. मला वाटलं, मदत करेल.

"डावीकडे मारली असती तर?" तो म्हणाला.

"कीपर डावीकडेच गेला होता."

"माहितेय," तो म्हणाला. "तरी."